सेलमचे खटले : आरोप हाच पुरावा ठरला तेव्हा



शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात अमेरिका आपल्याला साधारणपणे दोनदा भेटते. १४९२ साली कोलंबस त्या बाजूला पोहोचला तेव्हा एकदा आणि १७७६ साली तेथील वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला तेव्हा दुसऱ्यांदा. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत तेथे काय घडले हे परीक्षेत विचारले जात नाही, म्हणून आपण ते वाचतही नाही. त्या मधल्या काळातील एका वर्षाची हकीकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. ते वर्ष होते १६९२. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत सेलम नावाच्या ठिकाणी चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ माणसांना फाशी देण्यात आली. एका वृद्धाला दगडांखाली चिरडून मारण्यात आले. किमान पाच जण तुरुंगात मेले. दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले. यांतील एकावरही आज कोणी चेटकाचा दोष ठेवीत नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. सेलममध्ये चेटकिणींना जिवंत जाळले, असे पुष्कळ लोक समजतात. ते खरे नाही. युरोपच्या काही देशांत अशा आरोपींना जाळीत असत. पंधराव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान तेथे चेटकाच्या आरोपावरून ४० हजारांहून अधिक माणसे मारली गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. परंतु इंग्लंडच्या कायद्यात चेटकाची शिक्षा फाशी होती आणि वसाहतीतही तोच रिवाज चालला. त्या मानाने सेलमचा आकडा लहान आहे. तरीही जग सेलम विसरत नाही, कारण तेथील कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर शिल्लक राहिली. कोणी काय विचारले, कोणी काय उत्तर दिले, कोणी सही केली, हे सारे आपण आज वाचू शकतो. न्यायाच्या नावाखाली अन्याय कसा घडत जातो याची पायरी-पायरीने नोंद तेथे आहे.

शिकलेल्या लोकांची वसाहत

ही वसाहत अडाणी लोकांची होती असे कोणी समजू नये. इंग्लंडमधील धर्मसंस्थेशी न पटल्यामुळे समुद्रापार गेलेले प्युरिटन पंथाचे हे लोक कमालीचे धर्मनिष्ठ आणि विद्याप्रेमी होते. १६३६ साली, म्हणजे वसाहत उभी राहून दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हा, त्यांनी हार्वर्ड कॉलेजची स्थापना केली. १६४७ साली त्यांनी कायदा केला की ५० घरे असलेल्या प्रत्येक गावाने मुलांना लिहिणे-वाचणे शिकविण्यासाठी शिक्षक नेमलाच पाहिजे आणि १०० घरे असतील तर वरच्या शिक्षणाची शाळा काढली पाहिजे. या कायद्याचा हेतूही त्यांनी लिहून ठेवला आहे. सैतान माणसाला धर्मग्रंथापासून दूर ठेवून फसवितो, तेव्हा मुलांना वाचता आले म्हणजे सैतानाचा डाव चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षणासाठी झटणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विचार आवडावा असाच आहे. आणि याच लोकांच्या हातून पुढे ४५ वर्षांनी सेलम घडले. म्हणूनच ही हकीकत आपण लक्ष देऊन वाचली पाहिजे.

१६९२ च्या सुमारास ही वसाहत मोठ्या भीतीच्या छायेत होती. उत्तरेच्या सरहद्दीवर फ्रेंच आणि त्यांच्या बाजूचे मूळ रहिवासी यांच्याशी लढाई चालू होती. जळालेल्या वस्त्यांतून पळून आलेली माणसे, आईबाप गमावलेल्या मुली, सेलमच्या आसपास आश्रयाला राहत होती. वसाहतीची जुनी सनद इंग्लंडने १६८४ साली रद्द केली होती. नवी सनद घेऊन नवा गव्हर्नर यायचा होता, तोवर राज्यकारभाराची घडी विसकटलेली होती. त्यातच सेलम गाव आणि सेलम शहर यांच्यात बेबनाव होता. गावाला आपले वेगळे चर्च हवे होते. १६८९ साली सॅम्युएल पॅरिस नावाचे पाद्री तेथे नेमले गेले, पण त्यांचा पगार, त्यांना द्यावयाचे जळाऊ लाकूड आणि त्यांच्या घराची मालकी यावरून गावात दोन तट पडले. जमिनीच्या बांधावरून जुनी भांडणे होतीच. वाचकहो, युद्धाची धास्ती, डळमळीत सरकार आणि भाऊबंदकी या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे ठिणगी पडायला फार वेळ लागत नाही.

पाद्र्याच्या घरातील दोन मुली

१६९२ च्या जानेवारीत पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि घरातच राहणारी अकरा वर्षांची अबिगेल विल्यम्स या दोघींना विचित्र झटके येऊ लागले. अंग वाकडे होई, किंकाळ्या निघत, कोणी चिमटे काढते आहे, टोचते आहे, असे त्या म्हणत. औषधांचा गुण येईना, तेव्हा डॉक्टरने सांगितले की हा दुष्ट शक्तीचा प्रकार आहे. पुढे शेजारच्या मुलींनाही असेच होऊ लागले. त्यांत बारा वर्षांची अ‍ॅन पट्नम ही प्रमुख होती.

मुलींना नेमके काय झाले होते? यावर तीनशे वर्षे चर्चा चालू आहे. कोणी म्हणतात भीतीमुळे आलेला मनाचा आजार, कोणी म्हणतात मोठ्यांचे लक्ष वेधण्याचे सोंग. १९७६ साली एका अभ्यासिकेने बुरशी लागलेल्या राय धान्याच्या भाकरीतून झालेली विषबाधा असेही कारण सुचविले, पण ते बहुतेक इतिहासकारांना पटले नाही. आपल्यापुरता मुद्दा वेगळा आहे. मुले आजारी पडणे हे कोणत्याही गावात घडते. त्या आजारासाठी माणसे फासावर चढविणे हे मात्र मोठ्यांनी केले.

मोठ्यांनी मुलींना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला : तुम्हाला कोण छळते आहे? आजार कशाचा आहे हे न विचारता गुन्हेगार कोण हे विचारले, म्हणजे नाव निघणारच. तीन नावे निघाली. पहिली सारा गुड, दारोदार भीक मागणारी, तोंडाने फटकळ बाई. दुसरी सारा ऑसबर्न, आजारी, पुष्कळ दिवस चर्चमध्ये न गेलेली, आणि पहिल्या पतीच्या जमिनीवरून मुलांशी वाद चाललेली. तिसरी टिटुबा, पॅरिस यांच्याच घरातील गुलाम स्त्री. एक भिकारीण, एक आजारी बाई आणि एक गुलाम. तिघींच्या बाजूने उभे राहील असे गावात कोणी नव्हते. आरोपाचे बोट प्रथम कोणाकडे वळते, हे आपण येथे नीट पाहून ठेवावे.

टिटुबाची कबुली

१ मार्च १६९२ रोजी जॉन हॅथॉर्न आणि जोनाथन कॉर्विन या दोन दंडाधिकाऱ्यांपुढे तिघींची जाहीर तपासणी झाली. प्रश्नांची तऱ्हाच अशी होती की आरोपी दोषी आहे हे आधीच ठरलेले असावे. तू चेटूक केलेस काय, असे न विचारता कोणत्या दुष्टात्म्याशी तुझी ओळख आहे, असे विचारले गेले. सारा गुड आणि सारा ऑसबर्न यांनी आरोप नाकारला. टिटुबाने मात्र कबुली दिली. काळे कपडे घातलेला एक उंच माणूस आला, पिवळा पक्षी, तांबडी मांजर आणि काळा कुत्रा दिसला, आपण काठीवर बसून हवेतून गेलो, आणि सैतानाच्या पुस्तकात नऊ खुणा पाहिल्या, असे तिने सांगितले.

नऊ! म्हणजे तीन सापडल्या, आणखी सहा बाकी आहेत. गावाच्या काळजात धस्स झाले. पुढे सुटकेनंतर टिटुबाने सांगितले की मालकाने मारहाण करून आपल्याकडून हे वदवून घेतले होते. गुलाम स्त्रीला तिच्या धन्याने दिलेल्या मारापुढे दुसरा मार्ग कोणता होता? पुढील काळात नाटककादंबऱ्यांनी टिटुबाला आफ्रिकन हबशी बाई म्हणून रंगविले. त्या वेळच्या कागदपत्रांत मात्र तिला इंडियन, म्हणजे अमेरिका खंडातील मूळ रहिवासी, म्हटले आहे. ती एक वर्षाहून अधिक काळ तुरुंगात राहिली. त्या काळी कैद्याच्या जेवणाचा खर्च कैद्यालाच भरावा लागे. तो पॅरिस यांनी भरला नाही. अखेर दुसऱ्या कोणीतरी पैसे भरून तिला नेले आणि इतिहासातून तिचा माग नाहीसा झाला.

सारा ऑसबर्न १० मे रोजी तुरुंगातच वारली. सारा गुडचे तान्हे मूल तुरुंगात मेले. तिची दुसरी मुलगी डॉरथी, वय अवघे चार-पाच वर्षांचे, तिलाही चेटकीण म्हणून बेड्या घालून कोठडीत ठेवले. कित्येक महिन्यांनी ती सुटली, पण पुढे अठरा वर्षांनी तिच्या बापाने सरकारला अर्जात लिहिले की त्या कोठडीच्या धास्तीने पोरीचे डोके जे फिरले ते कधीच ठिकाणावर आले नाही. माता-पित्यांनो, या चिमुरडीला आपण विसरू नये.

कोणालाही न दिसणारा पुरावा

मे महिन्यात नवा गव्हर्नर सर विल्यम फिप्स बोस्टनला उतरला. तुरुंग भरलेले पाहून त्याने २७ मे रोजी एक खास न्यायालय नेमले. विल्यम स्टॉटन हे मुख्य न्यायाधीश झाले. न्यायाधीश मंडळी प्रतिष्ठित होती, काही हार्वर्डचे पदवीधर होते, पण वकिलीचे रीतसर शिक्षण घेतलेला त्यांत एकही नव्हता. आरोपींना वकील मिळाला नाही.

आता या न्यायालयाने कोणता पुरावा मानला ते पाहा. फिर्यादी मुलगी म्हणे, अमुक बाईची आकृती रात्री माझ्या खोलीत आली आणि माझा गळा दाबू लागली. ती बाई त्या वेळी आपल्या घरी झोपलेली असली तरी हरकत नाही, कारण तिचे शरीर घरी असले तरी तिचा आकार हिंडतो, असे मानले जाई. भर न्यायालयात मुली ओरडत, ती पाहा, ती तुळईवर बसली आहे! इतर कोणालाही काही दिसत नसे. तरीही तो पुरावा म्हणून लिहून घेतला जाई. आरोपीने हात हलविला की मुली हात पिरगळल्यासारख्या किंचाळत. आरोपीचा स्पर्श झाला की त्या शांत होत आणि तोही पुरावा ठरे.

जो पुरावा फिर्यादीखेरीज कोणालाच दिसत नाही, तो खोडून काढणार कसा? साक्षीदार आणला तरी उपयोग नाही. तू कोठे होतीस याला अर्थ नाही. तुझी आजवरची वागणूक चांगली असेल तर तो सैतानाचा बुरखा. सेलमच्या साऱ्या अनर्थाचे मूळ येथे आहे. आरोप आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे न्यायालय विसरले.

यातून एक विलक्षण उलटापालट झाली. जो गुन्हा कबूल करी त्याला, आणखी नावे मिळतील म्हणून, जिवंत ठेवीत. जो नाकारी तो फासावर जाई. साहजिकच पन्नासहून अधिक लोकांनी कबुली दिली आणि प्रत्येक कबुलीतून नवी नावे निघाली. तुरुंगातून जॉन प्रॉक्टर नावाच्या शेतकऱ्याने बोस्टनच्या पाद्र्यांना पत्र लिहून कळविले की कबुलीसाठी तरुण पोरांची मान टाचांना बांधून ठेवतात आणि त्यांत आपला स्वतःचा मुलगाही होता. प्रॉक्टर स्वतः १९ ऑगस्टला फासावर गेला. सॅम्युएल वॉर्डवेल याने आधी कबुली दिली, पण नंतर ती खोटी असल्याचे सांगून मागे घेतली. त्यालाही फाशी झाली. म्हणजे जीव वाचविण्यास फक्त एक खोटे बोलणे पुरेसे होते. ज्यांनी मरण पत्करले ते खोटे बोलायला तयार नव्हते, एवढाच त्यांचा अपराध.

ज्यांनी नकार दिला

१० जूनला पहिली फाशी ब्रिजेट बिशपला झाली. बारा वर्षांपूर्वी याच आरोपातून ती सुटली होती, पण संशय एकदा चिकटला की पिच्छा सोडीत नाही. तिच्या खटल्यानंतर न्यायाधीशांपैकी नथॅनियल सॉल्टनस्टॉल यांनी आपली जागा सोडली. बाकीचे बसून राहिले.

रिबेका नर्स या ७१ वर्षांच्या वृद्धेचे नाव निघाले तेव्हा लोक चकित झाले. आजाराने थकलेली, कानांनी कमी ऐकणारी, धर्माचरणाबद्दल ख्याती असलेली ही बाई. तिच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या अर्जावर ३९ शेजाऱ्यांनी सह्या केल्या. त्या दिवसांत अशा अर्जावर सही करणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे होते. ज्यूरीने तिला निर्दोष ठरविले. मुली आक्रोश करू लागल्या. मुख्य न्यायाधीशांनी ज्यूरीला फेरविचार करण्यास सांगितले आणि तिच्या एका वाक्याकडे बोट दाखविले. त्या वाक्याचा अर्थ तिला विचारण्यात आला, पण तिला ते नीट ऐकू आले नाही आणि ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचा अर्थ दोष असा लावून निकाल फिरविला गेला. १९ जुलैला तिला फाशी झाली.

जाइल्स कोरी हा ऐंशीच्या घरातला शेतकरी. मार्चमध्ये तो स्वतःच्या बायकोविरुद्ध, मार्थाविरुद्ध, बोलला होता. पुढे आरोप त्याच्यावरच आला, तेव्हा त्याचे डोळे उघडले. त्याने या न्यायालयापुढे खटला चालवून घेण्यासच नकार दिला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याला जमिनीवर निजवून अंगावर जड दगड रचीत नेले. १९ सप्टेंबरला तो मेला, पण त्याच्या तोंडून हवा तो शब्द निघाला नाही. तीन दिवसांनी मार्था आणि इतर सात जण फासावर गेले. ही शेवटची फाशी होती.

त्या आठांत रिबेकाची बहीण मेरी ईस्टी होती. मरणापूर्वी तिने न्यायाधीशांना अर्ज केला. त्यात स्वतःचे प्राण मागितले नाहीत. माझे मरण ठरले आहे, पण आणखी निरपराध रक्त सांडू नये, एवढीच तिची विनंती होती. त्यासाठी तिने उपायही सुचविला : मुलींची आणि कबुली देणाऱ्यांची वेगवेगळी, नीट चौकशी करा. हार्वर्डच्या पदवीधर न्यायाधीशांना जे सुचले नाही, ते मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या एका गृहिणीला सुचले.

थांबविले कोणी?

हे थांबले ते लोकांनी चेटकावर विश्वास ठेवणे सोडले म्हणून नव्हे. इन्क्रीज मॅदर हे हार्वर्डचे अध्यक्ष आणि मोठे पाद्री चेटूक खरे मानीत होते. पण ऑक्टोबर १६९२ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिले की असा न दिसणारा पुरावा चालणार नाही. एका निरपराध्याला दोषी ठरविण्यापेक्षा संशयित दहा जण सुटलेले बरे, असे त्यांचे म्हणणे होते. थॉमस ब्रॅटल या गणित आणि खगोलशास्त्राच्या अभ्यासकाने त्याच महिन्यात पत्र लिहून न्यायालयाच्या पद्धतीतील दोष एकेक करून दाखविले. तोवर आरोप मोठमोठ्या घरांपर्यंत पोहोचले होते. खुद्द गव्हर्नरच्या पत्नीचेही नाव घेतले गेले. ऑक्टोबरअखेर फिप्सने ते न्यायालय बरखास्त केले.

जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयात खटले चालले. या वेळी आकृतीचा पुरावा मानायचा नाही असे ठरले. परिणाम काय झाला? न्यायाधीशांपैकी काही तेच होते, फिर्यादी त्याच होत्या, तरी पन्नासाहून अधिक आरोपींपैकी फक्त तिघी दोषी ठरल्या आणि त्यांनाही गव्हर्नरने जीवदान दिले. मे महिन्यात उरलेल्यांची सुटका झाली. एक नियम बदलला आणि फास रिकामे झाले. विद्यार्थी मित्रांनो, कायद्यात पुराव्याच्या नियमांना एवढे महत्त्व का असते, याचे उत्तर येथे मिळते.

चुकीची कबुली

पाच वर्षांनी एक वेगळी घटना घडली. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल यांच्या मनाला टोचणी लागली होती. त्यांच्या घरात मुलांचे मृत्यू झाले होते. १६९६ च्या डिसेंबरात त्यांचा मुलगा त्यांना बायबलमधील पाठ लॅटिनमध्ये म्हणून दाखवीत होता. त्यात निरपराध्यांना दोषी ठरविण्याविषयीची ओळ आली आणि बापाला सेलम आठवले. हे त्यांनी स्वतःच्या रोजनिशीत नोंदविले आहे. मुलगा धडा म्हणत होता, शिकत होता तो बाप.

१४ जानेवारी १६९७ हा वसाहतीने उपासाचा आणि पश्चात्तापाचा दिवस म्हणून जाहीर केला होता. त्या दिवशी बोस्टनच्या चर्चमध्ये स्यूअल यांनी आपला कबुलीजबाब पाद्र्यांच्या हाती दिला आणि तो वाचला जात असताना ते सर्वांसमक्ष मान खाली घालून उभे राहिले. दोष आणि शरम त्यांनी स्वतःकडे घेतली. पुढे १७०० साली याच स्यूअल यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. बारा ज्यूरर्सनीही लेखी माफी मागितली. १७०६ साली अ‍ॅन पट्नमने चर्चमध्ये सर्वांपुढे क्षमा मागितली. मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांनी मात्र शेवटपर्यंत चूक मान्य केली नाही.

१७११ साली वसाहतीने २२ जणांवरील कलंक पुसला आणि त्यांना व त्यांच्या वारसांना भरपाई म्हणून सुमारे ५७८ पौंड मंजूर केले. तरी काही नावे राहून गेली. १९५७ साली आणि २००१ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने त्यांतील उरलेल्यांची नावे स्वच्छ केली. फाशीची जागा नेमकी कोणती, हे अभ्यासकांनी २०१६ साली नक्की केले आणि २०१७ साली तेथे स्मारक उभारले गेले.

तरीही एक नाव राहिलेच. अँडोव्हर गावची एलिझाबेथ जॉन्सन. वय २२. तिच्या आजोबांनीच ती साधीभोळी, कमी समजेची असल्याचे लिहिले आहे. १६९३ साली दोषी ठरलेल्या त्या तिघींपैकी ती एक. जीव वाचला, पण कलंक राहिला. १७१२ साली तिने स्वतः अर्ज केला, दाद मिळाली नाही. पुढे तिला विचारणारे कोणी उरले नाही, कारण तिला मूलबाळ नव्हते. अखेर नॉर्थ अँडोव्हरच्या एका शाळेतील आठवीच्या वर्गाने हे काम हाती घेतले. शिक्षिकेच्या मार्गदर्शनाखाली मुलांनी जुनी कागदपत्रे वाचली, लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिली, आणि जुलै २०२२ मध्ये कायद्याने तिचे नाव निर्दोष ठरले. निकालाला ३२९ वर्षे झाली होती. या प्रकरणाची सुरुवात मुलींच्या किंकाळ्यांनी झाली होती आणि शेवट शाळकरी मुलांच्या अर्जाने झाला.

आपल्यासाठी बोध

ही परक्या मुलुखाची, परक्या धर्माच्या लोकांची गोष्ट आहे असे म्हणून पान उलटू नका. जादू आहे की नाही, या वादातही मला आज शिरावयाचे नाही. कुरआन शरीफमध्ये जादूचा उल्लेख आहे हे आपण सर्व जाणतो. परंतु त्याच कुरआनमध्ये, सूरह हुजुरातमध्ये, बातमी कानावर आली की तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणता कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद आहे. पुढे त्याच सूरहमध्ये दुसऱ्यांविषयी संशय घेण्यापासून आणि पाठीमागे निंदा करण्यापासून रोखले आहे. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा आणि शंका असेल तेथे हद्दची सजा टाळावी, ही आपल्या फिकहची जुनी तत्त्वे आहेत. सेलमच्या न्यायाधीशांनी एवढे जरी पाळले असते तरी ती माणसे वाचली असती. मात्र आपण स्वतः ती पाळतो का, हा खरा प्रश्न आहे.

घरात सतत आजारपण आले, धंद्यात खोट आली, मुलीचे लग्न जमेना, की कोणीतरी हळूच म्हणते, करणी केली आहे. मग बोट कोणाकडे वळते? एकट्या राहणाऱ्या विधवेकडे, मूल नसलेल्या जावेकडे, नव्या सुनेकडे, शेजारच्या गरीब म्हातारीकडे. म्हणजे सारा गुड, सारा ऑसबर्न आणि टिटुबा यांच्याकडेच. सातपुड्याच्या आदिवासी पाड्यांत स्त्रियांना डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या आणि त्यांचे जीव गेल्याच्या घटना आपल्याच राज्यातील आहेत. अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्या कायद्यासाठी अनेक वर्षे झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. कायदा झाला, पण कायदा चव्हाट्यावरची कुजबुज थांबवू शकत नाही. ती आपण थांबवायची आहे.

आणि आता तर कुजबुजीला चव्हाटाही लागत नाही, मोबाईल पुरतो. कोणा माणसाविषयी, कोणा समाजाविषयी काहीबाही येते आणि आपण क्षणात पुढे पाठवितो. खोट्या बातमीचा चटका स्वतःला बसला म्हणजे तो काय असतो हे आपल्या लोकांना वेगळे सांगावयास नको. म्हणूनच दुसऱ्याविषयीची बातमी हाती आली असता आपण अधिक जपून वागले पाहिजे.

पालकहो, आपल्या मुलांना या संस्थेत आपण इल्म मिळविण्यासाठी पाठविता. सेलमचे न्यायाधीशही शिकलेलेच होते. केवळ पदवीने माणूस न्यायी होत नाही. हे कोणी पाहिले, कशावरून म्हणता, दुसरे कारण असू शकेल का, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय घरात लावा. मुलगा किंवा मुलगी असे प्रश्न विचारू लागली तर तिला उद्धट म्हणू नका. आणि आपल्याकडून चूक झाली असेल तर स्यूअल यांच्याप्रमाणे ती मुलांसमोर कबूल करण्यास लाजू नका. तौबेचे दार कोणासाठीही बंद नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणे आहे. रिबेका नर्सच्या अर्जावर सही करणारे ३९ शेजारी तिला वाचवू शकले नाहीत. तरीही आज ते नावानिशी आठवले जातात, कारण सारे गाव एका बाजूला असताना त्यांनी आपल्याला ठाऊक असलेले खरे लिहून दिले. तुमच्या आयुष्यात असा एखादा कागद कधी पुढे आला, तर त्यावर सही करण्याइतके अक्षर आणि तेवढे धैर्य अल्लाह तुम्हाला देवो.